हरवलेली मूठ

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ओझरच्या एका शाळेत आकाशकंदील करण्याचे शिबिर होते. मी तिथे गेले होते ती खरे तर प्रकाश, रंगीत कागद आणि सावल्या यांविषयी बोलायला. सातवीची चाळीसेक मुले होती. प्रत्येकापुढे पुठ्ठा, पतंगाचा कागद, खळीची वाटी, एक स्वस्तातला कटर आणि एक कात्री. अर्धा तास होतो न होतो तोच एकेक मूल हात झटकू लागले. कटरच्या पातळ पत्र्याची कड तर्जनीवर रुतून लाल रेघ उमटली होती. दोघातिघांना फोड आले होते. एक मुलगी डावखुरी होती. तिच्या कात्रीत कागद कापला जाण्याऐवजी दोन पात्यांमध्ये दुमडून अडकत होता. "हिचा हातच वळत नाही," असे तिच्याविषयी मला सांगण्यात आले. तीही बहुधा तेच समजून बसली होती.

मागच्या बाकावरच्या एका मुलाचे काम मात्र निवांत चालले होते. त्याने कटरला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. कुठे शिकलास, असे विचारल्यावर तो म्हणाला, "आमची आई छाटणीच्या कात्रीला अशीच बांधते, बाई."

ओझर निफाड तालुक्यात आहे. पावसाळा सरताना इथल्या द्राक्षबागांत गोडी छाटणी सुरू होते आणि माणसे दिवसभर कात्री चालवतात. गावाची दुसरी ओळख म्हणजे विमानांचा कारखाना. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा विभाग १९६४ साली मिग-२१ विमाने बांधण्यासाठी उभा राहिला. ती विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली, तरी लोकांच्या तोंडी हे गाव अजून 'ओझर मिग'च आहे. बाग आणि कारखाना या दोन्ही ठिकाणी हाताने चालवायच्या अवजाराचे महत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शाळेच्या वर्गात मात्र आपण ते विसरतो. मुलाच्या हाती मिळेल ते हत्यार देतो आणि काम बिघडले की हाताला दोष देतो.

प्रत्येक हत्याराला दोन टोके असतात, एक कामाकडचे आणि एक हाताकडचे. पहिल्याला आपण पाते म्हणतो आणि दुसऱ्याला मूठ. हत्यारांचा इतिहास वाचताना बहुतेक वेळा पात्याचाच इतिहास वाचायला मिळतो. दगडाचे पाते, तांब्याचे पाते, लोखंडाचे पाते अशी युगांची नावेसुद्धा पात्यावरूनच पडली. मुठीचा इतिहास शोधावा लागतो. कागदकामाच्या साध्या हत्यारांच्या निमित्ताने तो थोडासा शोधून पाहू.

बोटाला का रुतते?

आधी थोडे भौतिकशास्त्र. पुठ्ठा कापताना बोटाने साधारण २० न्यूटन बल लावले असे समजू. दोन किलोचे वजन बोटावर ठेवल्यासारखे हे बल आहे. ते जर २ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब अशा पत्र्याच्या कडेवरून बोटावर आले, तर क्षेत्रफळ होते ४० चौरस मिलिमीटर आणि दाब दर चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन. तीच कड रबराने गुंडाळून बोटाला टेकणारा भाग १० मिलिमीटर रुंद केला, तर क्षेत्रफळ २०० चौरस मिलिमीटर होते आणि दाब एक पंचमांशावर येतो. बल तेवढेच, कापण्याचे काम तेवढेच, पण बोटाचे दुखणे थांबते.

रबराचा दुसरा फायदा घर्षणाचा. गुळगुळीत मूठ घामेजल्या हातात सरकते. ती सरकू नये म्हणून आपण ती गरजेपेक्षा अधिक जोराने आवळतो. म्हणजे हाताची बरीचशी शक्ती कापण्यात नव्हे, तर नुसते हत्यार धरून ठेवण्यात खर्च होते. ट्यूबची पट्टी हा खर्च वाचवते. त्या मुलाच्या आईने 'दाब' आणि 'घर्षण' हे शब्द कदाचित वापरले नसतील, पण तिने दोन्हींचे उत्तर शोधले होते.

गोदावरीकाठचे दगड

ओझरपासून नाशिक वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठच्या थरांत पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना अश्मयुगातील दगडी हत्यारे सापडली. त्यांवरचे त्यांचे पुस्तक डेक्कन कॉलेजने १९५२ साली प्रसिद्ध केले. हातकुऱ्हाड आणि फरशी या प्रकारची ही हत्यारे आहेत. त्यांना वेगळी मूठ नाही. दगडाच्या एका बाजूला छिलके काढून धार केलेली आणि दुसरी बाजू तळहातात बसेल अशी जाड. अशा हत्यारात पाते आणि मूठ एकच असतात. आणि तळहाताला टोचू नये एवढी काळजी घेण्याची गरज तेव्हाही होतीच.

पुढे हजारो वर्षांनी ही दोन टोके वेगळी झाली. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिकची मातीची गढी आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगाच्या अशा वस्त्यांमधून गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान लहान पाती मोठ्या संख्येने मिळतात. बोटाच्या पेराएवढी ही पाती नुसत्या हाताने धरून काम करणे कठीण. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवून, राळेसारख्या चिकट पदार्थाने पक्की करून वापरत असत. पाते मोडले की तेवढेच बदलायचे, मूठ तीच ठेवायची. आजच्या कटरची कल्पना याहून फार निराळी नाही.

पण संग्रहालयात गेलो की आपल्याला दिसतात ती पाती. लाकडी मूठ आपल्या हवामानात कुजून जाते. दगड उरतो. म्हणून हत्यार म्हटले की पाते, असा आपला समज होतो. वास्तविक त्या माणसाने पात्याइतकाच, कदाचित त्याहून अधिक वेळ मुठीवर घालवला असेल, कारण पाते त्याला रोज बदलायचे होते आणि मूठ वर्षभर हातात धरायची होती.

बोरू, चाकू आणि दोऱ्यांची पाटी

कागद आपल्याकडे आला आणि त्याच्याबरोबर कागदाची हत्यारे आली. जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद महाराष्ट्रात नावाजलेला होता. हा कागद तयार झाला की त्याला खळ लावून वाळवत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत. घोटल्यावर कागदाचे तंतू दाबले जातात, पृष्ठभाग चकचकीत होतो आणि शाई फुटत नाही. घोटण्याचा दगड तळहातात मावणारा, कुठेही कड नसलेला असावा लागे. कड असली तर कागद फाटणार आणि हातही दुखणार.

लिहिणाऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे बोरू. बोरूच्या काडीचे टोक चाकूने तिरपे तासायचे, मधोमध चीर द्यायची आणि टोक झिजले की पुन्हा तासायचे. ही लेखणी बहुधा लिहिणारा स्वतःच करून घेई. काडी किती जाड निवडायची, टोक किती तिरपे ठेवायचे, हे ज्याचा हात त्याने ठरवायचे. मोडीचे धावते अक्षर आणि पोथीचे टपोरे बाळबोध अक्षर यांसाठी टोकही निराळे करता येई. हत्यार वापरणारा आणि हत्यार करणारा एकच माणूस असल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

असेच दुसरे सुंदर साधन म्हणजे रेघा पाडण्याची पाटी. एका पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर समान अंतराने दोरे ताणून बसवायचे. त्यावर कोरा कागद ठेवून बोटाने किंवा कापडाने दाबत न्यायचे. दोऱ्यांचा उठाव कागदावर उमटतो आणि शाईचा थेंबही न वापरता साऱ्या पानावर एकसारख्या ओळी मिळतात. लिहून झाल्यावर त्या डोळ्यांत भरत नाहीत. भारतात आणि अरबी-फारसी लेखनाच्या जगात पोथ्या लिहिणारे हे साधन वापरत. यात पट्टी धरून शंभर रेघा ओढण्याचे हाताचे श्रम वाचतात.

तरीही लिहिण्याने हात दुखतच असणार. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कारागिरांच्या आजारांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सतत बसणे, हाताची अविरत एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण ही लेखनिकांच्या दुखण्याची कारणे त्यांनी नोंदवली. लेखणीसारखे हलके हत्यारसुद्धा माणसाला आजारी पाडू शकते, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे.

हत्यार शाळेत येते

कागदकाम शाळेत आले ते जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांच्यामुळे. त्यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिचेच पुढे बालोद्यान झाले. कागदाच्या घड्या घालणे, कागद कापणे, पट्ट्या विणणे, सुईने टोचून चित्र करणे हे त्यांचे खेळ होते. याच खेळांवरून मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांना भूमिती शिकवण्याची कल्पना सुचली. कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारे त्यांचे पुस्तक १८९३ साली निघाले आणि जगभर गेले. त्यांना लागणारी सामग्री एवढीच होती : कागदाचे तुकडे आणि एक खिशातला चाकू.

हत्यार मुलाच्या हाताला साजेसे हवे, हा विचार पद्धतशीरपणे मांडला तो उत्तर युरोपातील शिक्षकांनी. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या आग्रहाने १८६६ साली हस्तकलेला शालेय शिक्षणात स्थान मिळाले. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी नेस या गावी शिक्षकांसाठी हस्तकलेचे प्रशिक्षण सुरू केले आणि तिथे अनेक देशांतून शिक्षक येऊ लागले. मूल घरी आधीच हाताळत असलेले हत्यार म्हणून सालोमन चाकूपासून सुरुवात करीत. काम करताना मूल कसे उभे राहते, खांदा आणि छाती कशी राहते याकडेही ते लक्ष देत. पुढे हीच पद्धत कागदावर आणली गेली. कॅलिफोर्नियातील एडना रिच यांचे लहान वर्गांसाठीचे कागदकामाचे पुस्तक १९०५ चे आहे.

मारिया माँटेसरी यांनी तर मुठीचाच धडा केला. लाकडी ठोकळ्यातील खळग्यांत बसणारे जे दंडगोल त्यांनी केले, त्यांना वर छोटे बोंड असते. ते अंगठा आणि दोन बोटांनीच उचलावे लागते. पेन्सिल धरण्याची तयारी अशी आपोआप होते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी हे शिक्षण आदिवासी मुलांपर्यंत नेले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून साधने तयार केली. साधन स्वस्त असावे, पण मुलाच्या हाताला बरोबर बसावे, ही दोन्ही तत्त्वे एकत्र येऊ शकतात हे त्यांनी दाखवले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना आखली. टकळीसारखे साधन तर मूल बांबूच्या काडीपासून स्वतःच करू शकत होते. त्या योजनेचे पुढे काय झाले हा स्वतंत्र विषय आहे. पण पुढच्या काळात अनेक शाळांत हस्तव्यवसाय, कार्यानुभव अशी नावे बदलत हा तास उरला आणि हत्यार स्वतः करण्याचा भाग त्यातून गळाला. हत्यार बाजारातून यायचे आणि सगळ्यांना एकच यायचे, अशी सवय झाली.

कारखाना, विमान आणि मनगट

बाजारात एकच मूठ लाखो हातांसाठी तयार होते. ती कुणाच्या हाताला बसेल, हा प्रश्न विसाव्या शतकात कारखान्यांतून पुढे आला आणि त्यातून एक शास्त्रच उभे राहिले. पोलंडचे निसर्गशास्त्रज्ञ वोयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली कामाच्या शास्त्राला 'एर्गोनॉमिक्स' हे नाव सुचवले होते, पण ते रूढ झाले १९४९ नंतर. या शास्त्रातील एक प्रसिद्ध प्रसंग विमानातलाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची विमाने जमिनीवर सुखरूप उतरल्यावर अधूनमधून पोटावर बसत. पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी वैमानिकाने चाके मिटलेली असत. अहवालात 'वैमानिकाची चूक' असे लिहिले जाई. १९४३ साली अल्फोन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले. दोन्ही खटके शेजारीशेजारी होते आणि हाताला अगदी एकसारखे लागत होते. त्याने चाकांच्या खटक्याला लहानसे रबरी चाक आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा बसवला. डोळ्यांनी न पाहता हाताला फरक कळू लागला आणि या चुका थांबल्या. वैमानिक तेच होते. बदलली होती ती मूठ. आजही विमानांत चाकांच्या खटक्याला चाकाचा आकार देतात.

१९५६ साली दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण आपल्या विषयाशी दोन्हींचा आहे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले. हातोडा धरताना सारी बोटे आणि तळहात मिळून वस्तू आवळतात, ती जोराची पकड. पेन्सिल धरताना अंगठा आणि बोटांची टोकेच काम करतात, ती नेमकेपणाची पकड. त्याच वर्षी जपानमध्ये ओसाका येथे कागद कापण्याचे काम करणाऱ्या योशिओ ओकादा या छापखान्यातील कामगाराने तुकडे मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर स्वतः करून पाहिला. त्याचे पाते सारखे बोथट होई. फुटलेल्या काचेच्या धारदार कडा आणि खाचांवर मोडणारी चॉकलेटची वडी यांवरून त्याला ही युक्ती सुचली. आज जगातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा कटर मुळात एका कामगाराने स्वतःसाठी केलेले हत्यार आहे.

नेपियर यांची विभागणी कागदकामाला फार उपयोगी पडते. टोच्याने भोक पाडताना जोर हवा, म्हणून मूठ तळहातात बसणारी, जाड हवी. मोठ्या माणसाला अशा मुठीचा व्यास ३० ते ४० मिलिमीटर सोयीचा पडतो. चित्राच्या कडेने कापताना नेमकेपणा हवा, म्हणून दांडा ८ ते १६ मिलिमीटर जाडीचा बरा. कटरची अडचण अशी, की तो आपण पेन्सिलसारखा धरतो आणि जोर हातोड्याइतका लावतो.

तिसरी गोष्ट मनगटाची. अमेरिकेत एर्विन टिखाउअर यांनी तारा जोडण्याचे काम शिकणाऱ्या कामगारांच्या दोन गटांचा अभ्यास केला. एका गटाला सरळ मुठीची पक्कड दिली आणि दुसऱ्याला वाकवलेल्या मुठीची. बारा आठवड्यांत सरळ पक्कड वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना मनगटाचे वा हाताचे दुखणे जडले, तर वाकड्या मुठीच्या गटात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. मनगट सरळ असताना बोटांचे स्नायुबंध सरळ रेषेत ओढले जातात. मनगट वाकले की ते हाडांवर घासतात. म्हणून वाकवायचे ते हत्यार, मनगट नव्हे.

कात्रीचीही कथा अशीच. फिनलंडमधील फिस्कार्स या कंपनीने १९६७ साली प्लॅस्टिकच्या मुठीची कात्री बाजारात आणली. प्लॅस्टिक ओतता येत असल्यामुळे बोटांच्या ठेवणीप्रमाणे मुठीला आकार देणे शक्य झाले. रंग नारिंगी निघाला, कारण यंत्रात फळांचा रस काढण्याच्या भांड्यांसाठी वापरलेले नारिंगी प्लॅस्टिक शिल्लक होते. विमानाचा पातळ पत्रा कापण्यासाठी केलेल्या कात्र्यांत तर जोडतरफ वापरून हाताचे बल कितीतरी पटींनी वाढवलेले असते. डावीकडे वळण घेणारी लाल मुठीची, उजवीकडे वळणारी हिरव्या मुठीची आणि सरळ कापणारी पिवळ्या मुठीची, अशी त्यांची रंगांची खूण आहे. पत्रा कापणाऱ्यासाठी तीन कात्र्या असतात, मग वर्गातल्या डावखुऱ्या मुलीसाठी एक वेगळी कात्री का नसावी?

कारण साधे आहे. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा बाहेर ढकलतो आणि बोटे आत ओढतात. या बाजूच्या बलाने दोन पाती एकमेकांवर घट्ट दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली, की हे बल उलट्या दिशेने लागते, पात्यांत फट पडते आणि कागद त्या फटीत दुमडतो. कात्री उलटी धरून उपयोग नाही. उजव्या पायाचा बूट कसाही फिरवला तरी डाव्या पायाचा होत नाही, तसेच हे आहे. आरशातल्या प्रतिमेसारखी, पाती उलटी रचलेली कात्रीच लागते. त्या मुलीचा हात उत्तम वळत होता. कात्रीच तिच्या हाताची नव्हती.

वर्गात करून पाहण्यासाठी

हात मोजण्याचे कामही आपल्याकडे झाले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांवरचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध केले. पण आपल्या वर्गासाठी त्याहून सोपी वाट आहे. प्रत्येक मुलाने आपली मूठ स्वतः करावी. लागणारे सामान घरात असतेच.

पहिले हत्यार टोच्या. दाभणाचा नेढ्याकडचा भाग बांबूच्या बोटभर तुकड्यात घट्ट बसवावा. हे काम शिक्षकांनी करावे. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, कुटून, त्यात खळ आणि थोडे मेथीचे पीठ मिसळून लगदा करावा. टोपल्या लिंपायला आपल्या आज्या हेच वापरत. बांबूभोवती लगद्याचा लहान लिंबाएवढा गोळा बसवून तो काम करताना धरतो तसा हातात धरावा आणि हलकेच दाबून सोडावा. बोटांचे ठसे उमटतील. वाळताना लगदा आकसतो, म्हणून थोडा जाडच ठेवावा. सावलीत चार-पाच दिवस वाळवून काचकागदाने घासावा. मागचे टोक गोल हवे. अरुंद टोक तळहाताच्या मध्यावर रुतले तर तिथल्या शिरा-नसा दाबल्या जातात. काम नसताना दाभणाच्या टोकावर बुचाचा तुकडा खोचून ठेवावा.

दुसरे, घडीची रेघ पाडायचे टोक. शाई संपलेले बॉलपेन घ्यावे. त्याचे टोक गोल असल्याने कागद न फाटता तंतू दबतात आणि पुठ्ठा बरोबर रेघेवर वळतो. पेनभोवती खळ लावलेली कागदाची पट्टी गुंडाळून जाडी १२ ते १५ मिलिमीटर करावी आणि वर ट्यूबची पट्टी चढवावी.

तिसरे, घडी बसवायची पट्टी. बांबूची वीतभर कामटी घेऊन सर्व कडा काचकागदाने गोल कराव्यात. बांबूची पाठ कठीण आणि गुळगुळीत असते, तीच कागदावर घासावी. पोथीवाल्यांची दोऱ्यांची पाटी हे चौथे साधन. पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना समान अंतरावर खाचा पाडून जाड दोरा ताणला की झाले.

कटर मात्र सहावीच्या पुढच्या मुलांच्याच हाती आणि शिक्षकांच्या देखत द्यावा. पट्टी फक्त धरण्याच्या भागावर गुंडाळावी, पाते सरकवण्याची कळ मोकळी ठेवावी. मोडलेले तुकडे झाकणाच्या डब्यात टाकावेत. जोर लावून एकदाच कापण्यापेक्षा हलक्या हाताने तीनदा कापावे.

यातून एक छान प्रयोग होतो. प्रत्येक मुलाने कागदावर आपल्या हाताची बाह्यरेषा काढावी. बाजारच्या हत्याराने दहा मिनिटे काम करून जिथे दुखले तिथे लाल खूण करावी. स्वतःच्या मुठीने तेवढेच काम करून निळी खूण करावी. दहा मिनिटांत किती भोके पडली, रेघ किती सरळ आली, तेही लिहावे. मग सारे नकाशे भिंतीवर लावावेत. दाब, घर्षण, तरफ आणि स्वतःचे शरीर असे चार धडे एका भिंतीवर येतात. बोटांच्या ठशांची ही मूठ दुसऱ्याच्या हाताला बसणार नाही आणि हात वाढला की पुढच्या वर्षी त्याच मुलालाही बसणार नाही. तेव्हा ती नव्याने करावी लागेल.

ओझरला त्या दिवशी दुपारी आम्ही हे नकाशे काढले. बहुतेकांची लाल खूण तर्जनीवर होती. त्या मुलीची अंगठ्याच्या मुळाशी होती, कारण पात्यांतली फट मिटवण्यासाठी ती सकाळपासून अंगठा उलट्या दिशेने ओढत होती. तिच्या शिक्षकांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग त्यांनी नाशिकला जाणाऱ्या एका सहकाऱ्याला चिठ्ठी लिहून दिली : डावखुऱ्यांसाठीची कात्री, एक. थोडे थांबून त्यांनी वर्गाला विचारले, "अजून कोण कोण डाव्या हाताने लिहिते?" आणखी दोन हात वर झाले. त्यांनी चिठ्ठीवरचा 'एक' खोडून 'तीन' केले.